गाइडची गाडी आणि गेटवरचा नंबर

(चंद्रपूर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गासाठी आपण जे प्रश्न लिहून पाठविले, त्यांत एक प्रश्न दिसायला अगदी लहान आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील एका गावच्या कार्यकर्त्यांनी विचारले आहे : ‘आमच्या गावातील एक तरुण व्याघ्र प्रकल्पात गाइडचे काम करतो. त्याला स्वतःची जिप्सी घ्यावयाची आहे. आपण वर्गणी काढून त्याला मदत करावी काय? आणि केली, तर ते समाजवादी कार्यकर्त्यांचे काम ठरेल की केवळ एका माणसाला मालक बनविण्याचे?’

प्रश्न एका तरुणाचा असला तरी पतपुरवठा, परवाना, जंगलावरील हक्क आणि श्रमाची मालकी या चारही गोष्टी त्यात येऊन मिळतात. म्हणून आज मी याच एका प्रश्नावर बोलणार आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मदत अवश्य करावी. परंतु नुसती गाडी घेऊन देण्याने त्या तरुणाचे भले होईलच असे नाही. गाडीपेक्षा मोलाची एक वस्तू गेटवर असते. ती वस्तू कोणाच्या हाती आहे, याचा विचार प्रथम केला पाहिजे.

जंगल सफारीचा व्यवसाय कसा चालतो ते आपणा सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातील पैशाची वाट एकदा नीट पाहू. पर्यटक बहुधा आधीच संगणकावरून आरक्षण करून येतो. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी या गाभा क्षेत्राच्या दारांतून सकाळी व दुपारी ठराविक संख्येनेच गाड्या आत सोडल्या जातात. एका उघड्या गाडीत जास्तीत जास्त सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाइड. गाइडवाचून गाडी आत जाऊ शकत नाही. पर्यटक जे पैसे मोजतो त्यातील प्रवेशशुल्क प्रकल्पाकडे जाते, गाडीचे भाडे गाडीमालकाकडे जाते आणि गाइडचे शुल्क गाइडला मिळते. चालकाला मालक जो पगार देईल तो मिळतो. या तीन वाट्यांपैकी गाइडचा वाटा सर्वांत लहान असतो, आणि चालकाला तर स्वतःचा असा वाटाच नाही.

आता या फेरीत ज्ञान कोणाचे खर्ची पडते ते पाहा. वानराने दिलेला इशारा कोणत्या दिशेचा आहे, सांबराची हाक खरी धोक्याची आहे की नाही, वाटेवरील पंजाचा ठसा पहाटेचा आहे की कालचा, उन्हाळ्यात कोणत्या पाणवठ्यावर जनावर उतरेल, हे गाइड ओळखतो. ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई ही झाडे तो पुस्तकातून शिकलेला नसतो. हे ज्ञान त्याच्या आजोबांनी गुरे राखताना, मोहफुले वेचताना, बांबू तोडताना मिळविले आणि वारशाने त्याच्याकडे आले. पर्यटक येतो तो या ज्ञानाच्या भरवशावर. गाडी हे त्या ज्ञानाचे वाहन आहे, इतकेच. तरीही उत्पन्नाचा मोठा वाटा मात्र वाहनाला मिळतो. तेव्हा त्या तरुणाला गाडी हवी असे वाटते यात हाव नाही. स्वतःच्या श्रमाचे मोल आपल्या घरापर्यंत पोहोचावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

या अपेक्षेला आणखीही एक आधार आहे. वाघ वाचविण्याची किंमत कोणी मोजली? जंगलाच्या पोटात असलेली बोटेझरी, जामणी, नवेगाव यांसारखी गावे उठून बाहेर आली. जी गावे बफरमध्ये राहिली त्यांची गुरे जातात, पिके जातात आणि माणसेही जातात. मे २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात बळी पडल्या. वाघ जगला पाहिजे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. परंतु वाघाचा धोका ज्याच्या अंगणात, त्याच्या पदरी वाघामुळे येणाऱ्या उत्पन्नातील उरलेसुरले तुकडे आणि धोक्यापासून दूर असणाऱ्याच्या पदरी मोठा नफा, ही वाटणी न्यायाची नाही. वाघ तरी अशा वाटणीने फार काळ सुरक्षित राहणार नाही. जंगलाच्या उत्पन्नात ज्या गावाचा खरा वाटा असतो, ते गाव जंगलाची राखण करते.

आता गाडीकडे येऊ. जिप्सी ही मारुती कंपनीची गाडी १९८५ साली बाजारात आली आणि चढउताराच्या कच्च्या वाटेवर टिकणारी, हलकी, उघडी गाडी म्हणून देशभरच्या अभयारण्यांत रुजली. २०१९ पर्यंत कंपनीने ती सामान्य ग्राहकांसाठी बंद केली. म्हणजे आज एखाद्याला जिप्सी घ्यावयाची तर जुनीच घ्यावी लागते. नाही तर नव्या जातीच्या, अधिक किमतीच्या गाडीकडे वळावे लागते. जुन्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही. मग खासगी फायनान्सवाला पुढे येतो. तो कागद लवकर करतो, व्याज चढे लावतो आणि दोन हप्ते थकले की गाडी ओढून नेतो.

आपण समजुतीसाठी एक हिशेब करू. दहा लाख रुपयांचे कर्ज, बारा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. दरमहाचा हप्ता सुमारे २२,२४४ रुपये होतो आणि पाच वर्षांत एकूण तेरा लाख चौतीस हजारांहून अधिक रक्कम फेडावी लागते. हा हप्ता बारा महिन्यांचा. परंतु गाभा क्षेत्र १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असते आणि एरवीही आठवड्यातून एक दिवस बंद असते. काही बफर गेटे पावसाळ्यातही चालू राहतात, पण त्या दिवसांत पर्यटक थोडे. म्हणजे बारा महिन्यांचे हप्ते प्रत्यक्षात नऊ महिन्यांत कमवावयाचे. तसे केले तर महिन्याचा बोजा साडेएकोणतीस हजारांच्या वर जातो. त्यात पेट्रोल, टायर, विमा, वाहनकर, दुरुस्ती आणि चालकाचा पगार मिळवा. बँकेचे वर्ष बारा महिन्यांचे आणि जंगलाचे वर्ष नऊ महिन्यांचे. या दोन वर्षांमधील तीन महिन्यांच्या खड्ड्यात अनेक प्रामाणिक कर्जदार पडतात. २०२० साली टाळेबंदीत तर जंगले अवेळीच बंद झाली. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली, पण व्याज थांबले नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल की, मग कर्ज स्वस्त करून द्या म्हणजे झाले. २०१५ साली मुद्रा योजना आली, तिच्यात तारणावाचून दहा लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. ज्यांनी पहिले मोठे कर्ज फेडले त्यांच्यासाठी २०२४ साली मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढविण्यात आली. या सोयीचा लाभ जरूर घ्यावा. परंतु कर्जाने वस्तू मिळते, त्या वस्तूला काम मिळतेच असे नाही. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपण त्याचे स्वागत केले होते. त्यानंतर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि गरिबांना म्हशी, शिलाई यंत्रे, बैलगाड्या कर्जाने मिळू लागल्या. हेतू चांगला होता. पण ज्या गावात चारा नाही त्या गावात म्हैस गेली, जेथे दूध उचलणारी संस्था नाही तेथे दुधाचा धंदा गेला. म्हैस मेली किंवा विकली गेली आणि कर्ज तेवढे सातबाऱ्यावर राहिले. वस्तू दिली, परंतु वस्तूभोवतीची व्यवस्था बदलली नाही, म्हणून असे झाले.

मग गाडीभोवतीची व्यवस्था कोणती? गेटवरच्या भाषेत तिला ‘नंबर’ म्हणतात. जंगलात जाणाऱ्या गाड्यांची संख्या मर्यादित आहे आणि ती मर्यादा असलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले होते आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. जंगलाला किती गाड्या सोसतील हे पाहूनच संख्या ठरवावी, हे तत्त्व त्या सूचनांतही आहे. संख्या मर्यादित म्हटली की रांग आली. रांग आली की नोंदणी आली. आणि नोंदणी आली की ज्याची गाडी नोंदलेली नाही त्याच्या गाडीची किंमत जंगलापुरती शून्य. अंगणात नवी कोरी गाडी उभी आहे, हप्ता चालू आहे आणि गेटवर नंबर नाही, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

उत्पादनाचे खरे साधन येथे गाडी नव्हे, नंबर आहे. जमिनीच्या प्रश्नात विहिरीपेक्षा पाण्याचा हक्क जसा मोलाचा, तसेच हे. आणि जी वस्तू दुर्मीळ असते व जिचा भाव चढता असतो, तिच्याभोवती पैसेवाला घुटमळू लागतोच. नियमात स्थानिकांना प्राधान्य आहे. तेव्हा नाव गावकऱ्याचे आणि भांडवल बाहेरच्याचे, अशी जोडगोळी जुळविण्याचा मोह तेथे राहणारच. कागदोपत्री मालक असलेला गावकरी स्वतःच्या नावावरील गाडीचा पगारी चालक होतो. आपल्याकडे कुळकायद्यात जमिनी कोणाकोणाच्या नावावर चढविल्या गेल्या होत्या ते ज्यांना आठवते, त्यांना ही युक्ती नवीन वाटणार नाही.

शहरातील रिक्षांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. बॅज एकाचा, परमिट दुसऱ्याचे आणि रोजचे भाडे परमिटवाल्याच्या खिशात, ही स्थिती शहरांत वर्षानुवर्षे होती. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने परमिटांवरील संख्येची मर्यादा उठविली. परमिट सहज मिळू लागले खरे. परंतु रिक्षा इतक्या वाढल्या की अनेकांचा धंदा वाटला गेला आणि कर्जाचा हप्ता मात्र होता तेवढाच राहिला. जंगलात तर हा उपायही करता येणार नाही. गाड्यांची संख्या वाढविली तर वाघ जाईल आणि वाघाबरोबर धंदाही जाईल. तेव्हा संख्या न वाढविता, आहे त्या नंबरांची न्याय्य वाटणी करणे हा एकच मार्ग उरतो. हा प्रश्न कर्जाचा कमी आणि वाटणीचा अधिक आहे. म्हणूनच तो आपला आहे.

आता दुसऱ्या शंकेकडे वळतो. आपण एका श्रमिकाला मालक करीत आहोत काय? शंका गंभीर आहे, तिची थट्टा करू नये. गाडी आली की त्या तरुणापुढे पेच पडणार आहे. गाइड म्हणून त्याचा क्रम वेगळा लागतो आणि गाडीचा क्रम वेगळा लागतो. तो दुसऱ्याच्या गाडीत गाइड म्हणून बसलेला असताना त्याची स्वतःची गाडी कोणी तरी चालवीत असणार. तो चालक कोण? गावातीलच दुसरा तरुण. म्हणजे पहिल्याच दिवशी आपला गाइड दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा होऊ शकतो.

मला वाटते की येथे दोन प्रकारची मालकी ओळखली पाहिजे. आपल्या हाताने जे साधन चालवावयाचे त्याची मालकी एक, आणि दुसऱ्याच्या हाताने चालवून नफा घ्यावयाच्या साधनाची मालकी दुसरी. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो पहिल्या प्रकारची मालकी डोळ्यांपुढे ठेवून. विणकराच्या हाती माग, कोळ्याच्या हाती होडी, तशी गाइडच्या हाती गाडी असण्यात समाजवादाला धोका नाही. धोका दुसऱ्या, तिसऱ्या गाडीपासून सुरू होतो. म्हणून माझी सूचना आहे की गाडी एकट्या गाइडची नसावी. गाइड आणि चालक अशा दोघांची मिळून असावी. दोघांची नावे भागीदारीच्या करारात असावीत, दोघांनी मिळून हप्ता फेडावा आणि उत्पन्न दोघांत वाटले जावे. एक गाइडच्या क्रमावर गेला तरी दुसरा स्वतःचीच गाडी चालवीत असेल. ताडोबात आता स्त्रियाही गाइड म्हणून काम करतात. त्यांच्यापैकी कोणाला गाडी घ्यावयाची असेल तर आधी वाहन चालविण्याचे शिक्षण आणि परवाना यांची सोय आपण करावी.

‘सफारी’ हा शब्द आला तो स्वाहिली भाषेतून. तिने तो अरबी ‘सफर’वरून घेतला, आणि तीच ‘सफर’ आपल्याही भाषेत आहे. टांझानियात सेरेंगेटी आणि गोरोंगोरोकडे जाणाऱ्या सफारी आरुशा शहरातून निघतात. ज्युलियस न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली १९६७ साली समाजवाद आणि स्वावलंबनाचा जाहीरनामा निघाला, तोही याच आरुशाच्या नावाने ओळखला जातो. तेथे चालक आणि गाइड हा बहुधा एकच माणूस असतो आणि गाडी बहुधा कंपनीची असते. त्यामुळे तेथेही स्वतःची गाडी हे गाइडचे मोठे स्वप्न असते. ज्या शहराच्या नावाने समाजवादाचा जाहीरनामा निघाला त्या शहरातही श्रमिकाच्या हाती साधन सहजासहजी आले नाही. जाहीरनाम्याने दिशा मिळते. गेटवरची वाटणी मात्र तेथे उभे राहूनच बदलावी लागते.

ती कशी बदलावी याचा पाठ आपल्याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कायमचा मालक नाही, काम रोज वेगळ्या दुकानात, अशा हमालाला पगार, भविष्यनिधी, रजा हे कसे द्यावयाचे? कायद्याने मंडळ नेमले, कामगारांची नोंदणी केली, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकांकडून मंडळात भरावयास लावली. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि ‘कष्टाची भाकर’ चालविली, ती कोणाच्या दानधर्मावर नव्हे, हमालांच्या संघटित बळावर. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. या तिन्ही ठिकाणी आधी हक्क मागितला गेला आणि मग धंदा उभा राहिला.

सहकाराचे नाव घेतले की कोणी तरी साखर कारखान्यांकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी उभारलेला कारखाना हे मोठे काम होते. परंतु पुढे अनेक ठिकाणी सभासद नावापुरता राहिला आणि संचालक हाच मालक झाला. गाड्यांची सहकारी संस्था काढली तरी तिचा अध्यक्षच सगळे नंबर फिरवू लागला, तर आपण एका मालकाऐवजी दुसरा मालक आणला एवढेच होईल. म्हणून संस्था लहान असावी, एका गेटपुरती असावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा.

तेव्हा त्या कार्यकर्त्यांना माझे उत्तर असे आहे. वर्गणी काढा, पण ती देणगी म्हणून देऊ नका. बँक कर्ज देताना जी स्वतःची रक्कम मागते, तेवढी रक्कम बिनव्याजी उसनी द्या. ती परत आली की पुढच्या जोडीला द्या. एकाच निधीतून दहा वर्षांत अनेक गाड्या उभ्या राहतील, आणि पहिली रक्कम फेडणारा दुसऱ्याचा जामीन होईल. गाडी घेण्यापूर्वी नंबराची नोंदणी होणार की नाही, ते लेखी घ्या. तसे झाल्यावाचून कर्जाच्या कागदावर सही करू देऊ नका. बँकेशी बोलून हप्ते नऊ महिन्यांचे बांधून घ्या. पीककर्जाची फेड जर हंगाम पाहून ठरते, तर सफारीच्या कर्जाची का ठरू नये? प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम दुरुस्ती आणि पावसाळ्यासाठी बाजूला ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

याच्या जोडीला मागण्या हव्यात. एका घराला एकच नंबर असावा. नंबर विकता किंवा भाड्याने देता येऊ नये; गाडीवाल्याने धंदा सोडला तर तो गावाच्या परिस्थितिकी विकास समितीकडे परत यावा आणि तेथून प्रतीक्षेत असलेल्या गाइड-चालकांना मिळावा. गाव उठले किंवा ज्यांच्या घरातील माणूस वाघाने नेले, त्यांना पहिला हक्क असावा. माथाडी मंडळाच्या धर्तीवर प्रत्येक फेरीमागे लेव्ही घेऊन गाइड आणि चालकांचा विमा व भविष्यनिधी उभारावा. या मागण्यांत वाघाच्या हिताला बाध आणणारे काहीही नाही. गाडी एकही वाढत नाही, फक्त ती कोणाची हे बदलते.

सुरुवात मात्र माहितीपासून करावी लागेल. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. आपापल्या गेटवर नोंदलेल्या प्रत्येक गाडीचा मालक कोण, तो कोणत्या गावचा, त्याच्या घरात किती गाड्या आणि मागील हंगामात प्रत्येक गाडीच्या फेऱ्या किती, एवढी चार रकान्यांची यादी लेखी अर्ज करून मागा. ती मिळाली की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. कोणाचे नाव खरे आणि कोणाचे उसने, हे सांगावयास गावाला पंडिताची गरज लागत नाही. गाभा क्षेत्राची गेटे १ ऑक्टोबरला उघडतात. त्यापूर्वीचे तीन महिने गाइड आणि चालक गावातच असतात. अर्ज, सभा आणि निधी ही तिन्ही कामे त्याच दिवसांत होऊ शकतात. त्या तरुणालाही या कामात घ्या. यादी वाचण्यासाठी त्यालाच उभे करा, म्हणजे गाडी त्याला मिळेल तेव्हा तिच्यामागे उभे असलेले गाव तो विसरणार नाही.